एक घंटी थांब, दोन घंट्या चल

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीनं पाळधी मागे टाकलं, की आतली पात्रं ठरून गेलेली असतात. खिडकी उघडणारा एक, ती लावून घेणारा एक. ‘कथा चालना भाऊ?’ म्हणजे कुठं निघालास, असं अहिराणीत विचारत अख्खी बस ओळखीची करून घेणारी एक आजी. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालणारा एक आणि त्या हुज्जतीत दोन्ही बाजूंनी बोलणारा आणखी एक. प्रवासातल्या विनोदी सिनेमाला याहून फारशी पटकथा लागत नाही. अट एकच, मधे कुणाला उतरता येता कामा नये. घरात वाजलं तर माणूस दार आपटून बाहेर जातो. एसटीत तो फार तर तोंड फिरवतो, खांद्याला खांदा तसाच घासत राहतो. हसू येतं ते त्या खांद्याचं.

1972 चा ‘बॉम्बे टू गोवा’ आजही लागला की माणसं रिमोट खाली ठेवतात, ते खुनाच्या भानगडीसाठी नव्हे. अमिताभ तेव्हा ‘जंजीर’च्या आधीचा, अरुणा इराणी पळत सुटलेली, शत्रुघ्न सिन्हा मागावर, पण लक्षात राहते ती बस. कंडक्टर मेहमूदचं नाव खन्ना आणि ड्रायव्हर झालेल्या त्याच्या भावाचं, अन्वर अलीचं, नाव राजेश. त्या काळी राजेश खन्नाची हवा काय होती हे माहीत असलेल्याला इथंच पहिलं हसू येतं. भजी दिसली की न आवरणारा तो जाडा पोरगा तर फैजपूर-सावद्याच्या कुठल्याही बसमध्ये सापडेल.

अशा सिनेमात मोठ्या नटापेक्षा सीट महत्त्वाची. सगळे जागेवर खिळलेले. मोकळा फिरतो तो कंडक्टर. एका सीटवरची कागाळी दुसऱ्या सीटपर्यंत तोच पोहोचवतो. म्हणून हे काम हातखंडा विनोदी नटाकडेच जातं. 2004 च्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये गणपतीपुळ्याच्या एसटीत कंडक्टर आहेत अशोक सराफ. नवस तसला अवघड, नवऱ्यानं नागवं दर्शनाला जायचं. पण तो नवस बाजूला ठेवला तरी अशोकमामांची बस चालू राहील. दोरीची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या भांडवलावर जाणता नट पाच मिनिटं काढतो.

बस पडद्यावर धावते तेव्हा ती पुष्कळदा जागेवरच उभी असते. चेसिसखाली वासा घालून दोघं हलवतात, बाहेरून पोरं फांद्या घेऊन खिडकीजवळून पळतात, रात्र असेल तर दिवे फिरवतात. बिघडतं ते इथंच. धक्का बसला की सगळ्यांच्या माना एकाच वेळी, एकाच बाजूला जायला हव्यात. एकाची मान उशिरा हलली की बस खोटी पडते. ड्रायव्हर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग घुसळत बसला तरी तेच. डाव्या खिडकीकडे बघताना झाडं उजवीकडून डावीकडे पळतात, उजव्या खिडकीकडे बघताना उलट. खिडकीमागे पडदा लावून त्यावर पळती झाडं दाखवत असतील आणि ते चित्र चुकून उलटं फिरलं, तर गोव्याला निघालेली बस रिव्हर्समध्ये जाते.

उन्हाचंही तसंच. खान्देशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. हिवाळ्यात जळगावहून धुळ्याकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना ऊन डाव्या खिडक्यांवर, म्हणून जाणता प्रवासी उजवीकडची सीट धरतो. सिनेमात नायिकेच्या डाव्या गालावरचं ऊन पुढच्याच शॉटमध्ये उजव्या गालावर गेलं, की मागून कुणीतरी म्हणतंच, ‘भो, गाडी वळली का?’

आवाज मात्र बहुतेकांना जमत नाही. इंजिनचा गोंगाट नको म्हणून संवाद नंतर स्टुडिओत भरतात आणि बसमधली माणसं दिवाणखान्यात बसल्यासारखी बोलू लागतात. खऱ्या एसटीत गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागतं. सुनेची तक्रार शेजारणीच्या कानात पडण्याआधी मागच्या लांब सीटवर पोहोचलेली असते. एवढा आयता विनोद हातचा घालवणं म्हणजे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काट्यांवर भाजायची सोडून उकडण्यासारखं आहे.

आणि मुक्काम आला की हे सिनेमे ढिले पडतात, जवळजवळ सगळेच. गोवा दिसला की मारामारी आणि मनोमीलन उरकायचं राहतं, बस मात्र रिकामी उभी. इकडे पारोळा जातं, फागणे जातं, धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागते. दोन तास सगळ्यांची वंशावळ विचारणारी ती आजी पिशवी काखेत मारते आणि मागे वळूनही न बघता उतरून जाते.