म्हातारा लोगन मला जास्त खरा का वाटतो

वुल्व्हरिन, म्हणजेच लोगन, हा खरं तर सगळ्यात कंटाळवाणा सुपरहिरो व्हायला हवा होता, म्हणजे बघा ना, गोळी लागली तरी जखम आपोआप भरते, वय दिसत नाही, हाडांवर अ‍ॅडमॅन्टियम नावाचा न तुटणारा धातू, मग भीती कसली? ह्यू जॅकमनने 2000 साली पहिल्यांदा हा रोल केला तेव्हापासून प्रत्येक फायटिंगच्या आधीच माहीत असायचं की याला काही होणार नाहीये. मजा यायची, पण जीव खालीवर व्हायचा नाही.

2017 च्या 'लोगन' या सिनेमात नेमकं तेच काढून घेतलं. काळ 2029 चा, लोगन मेक्सिकोच्या बॉर्डरजवळ लिमोझिन चालवतो, पितो, खोकतो, लंगडतो, ज्या धातूने त्याला अजिंक्य केलं तोच आता त्याच्या अंगात विष कालवतोय. सुरुवातीलाच गाडीची चाकं काढायला आलेले गुंड त्याला बेदम मारतात, तो मुठीतून धातूचा पंजा बाहेर काढतो तर एक पातं अर्धवटच येतं!! वाचायला चष्मा लागतो. मला तर तो चष्मा कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त लागला.

आणि चार्ल्स, म्हणजे लोगनचा जुना गुरू प्रोफेसर एक्स. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू, आता नव्वदी ओलांडलेला, फिट आली की आजूबाजूचे सगळे जागच्या जागी जखडतात. लोगन त्याला औषध देतो, चिडतो, टॉयलेटला नेतो, उचलून बेडवर ठेवतो. ज्यांनी घरात आजारी म्हातारं माणूस सांभाळलंय त्यांना ही चिडचिड आणि ही माया दोन्ही लगेच ओळखू येईल.

यातली भारी गोष्ट म्हणजे एक्स-24, लोगनचाच क्लोन, तरुण, धडधाकट, तोही जॅकमनच. म्हणजे आपल्याला आवडायचा तो जुना वुल्व्हरिन समोर उभा आहे आणि आपण मात्र धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याच्या बाजूने आहोत. वय झाल्यावर हिरोची क्रेझ कमी होते म्हणणाऱ्यांनी हा भाग परत बघावा.

अर्थात कानशिलावर पांढरे केस लावले की झालं असं नाही, वयाची किंमत मोजताना दिसली पाहिजे. फ्रँक मिलरने 1986 मध्ये आपल्या कॉमिकमध्ये 55 वर्षांचा बॅटमॅन आणला, दहा वर्षं रिटायर झालेला, त्याचंही शरीर मध्येच साथ सोडतं, म्हणून तर तो पटतो.

राग येतो तो कॉमिक्समधल्या स्पायडर-मॅनचा. 1962 मध्ये पंधरा वर्षांचा असलेला पीटर (म्हणजे स्पायडर-मॅनच) 1965 मध्ये शाळा संपवून कॉलेजला गेला, 1987 मध्ये मेरी जेनशी लग्न केलं, वाचकांसोबत हळूहळू मोठा होत होता आणि 2007 मध्ये मार्व्हलने सैतानाशी सौदा दाखवून ते लग्नच पुसून टाकलं. का, तर तो तरुण आणि सिंगल हवा. अरे, पण ज्यांनी त्याच्यासोबत इतकी वर्षं काढली त्यांचं काय?

1998 मध्ये सुरू झालेल्या 'स्पायडर-गर्ल' या कॉमिकमध्ये मात्र दुसऱ्या एका युनिव्हर्समधला पीटर आहे, ग्रीन गॉब्लिनशी लढताना पाय गमावलेला, पोलिसांच्या फॉरेन्सिकमध्ये नोकरी करणारा आणि टीनएजर पोरगी आपल्यासारखीच छतांवरून उड्या मारायला लागली म्हणून घाबरलेला बाप. मिळालं तर नक्की वाचा, मला तरी हाच पीटर सगळ्यात जवळचा वाटतो.