"सर, मी फक्त अधिकार देल्ला होता"

बारावी आर्ट्सला राज्यशास्त्र शिकवतो, यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून आत. आमच्याकडे आर्ट्सला कोण येतं ते सांगायला नको, आणि कापसाची वेचाई सुरू असली की त्यातला अर्धा वर्ग वावरात असतो, त्याबद्दल पोरांना बोलण्यात अर्थ नाही. पण यंदाच्या अभिरूप संसदेत जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

अभिरूप संसद म्हणजे बहुतेक ठिकाणी पाठांतराचं नाटक असतं. प्रश्न लिहून दिलेले, उत्तरं लिहून दिलेली, सभापतीनं "शांतता राखा" कधी म्हणायचं तेसुद्धा ठरलेलं, आणि वर परीक्षक म्हणणार वा काय आत्मविश्वास! मला या प्रकाराचा भयंकर वैताग आहे. म्हणून या वेळी स्क्रिप्ट दिलीच नाही, एक पानाचं टिपण दिलं. एक हुकूमशहा आहे, त्यानं 1988 मध्ये आपल्याच लोकांवर विषारी वायू सोडला, 1990 मध्ये शेजारच्या देशात सैन्य घुसवलं, आता त्याच्याकडे महाभयंकर शस्त्रं आहेत असं आपलं सरकार म्हणतंय. देशाचं नाव गाळलं. ठराव मात्र खराच ठेवला, ऑक्टोबर 2002 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं इराकबद्दल केला तो, सोपा करून: राष्ट्राध्यक्षांना आवश्यक वाटेल तसं सैन्य वापरायचा अधिकार द्यावा.

दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या आणि त्यांचा मला अभिमान आहे. एक, मतदान सहीनं. हात वर करायला सांगितलं की पोरं आधी शेजाऱ्याच्या हाताकडे बघतात आणि नंतर कोणाचा हात होता याचा पत्ता लागत नाही. रजिस्टरवर नाव, नावापुढे होय किंवा नाही, आणि सही. दुसरी, एक लांबलचक टिपण वाचनालयात ठेवलं, त्यात शस्त्र-तपासनिसांच्या आणि सरकारच्याच तज्ज्ञांच्या शंका होत्या, आणि ज्याला पाहिजे त्यानं जाऊन वाचा म्हणून सांगितलं. तिकडेही तसंच होतं, गुप्तचर खात्याचा नव्वदेक पानांचा अहवाल खासदारांसाठी ठेवलेला होता आणि मोजक्याच सिनेटरनी तो पूर्ण वाचला. बॉब ग्रॅहम वाचणाऱ्यांपैकी, गुप्तचर समितीचेच अध्यक्ष, त्यांनी विरोधात मत दिलं. आमच्या वाचनालयात एक पोट्टी गेली. एकच.

त्या दिवशी पाहुणे होते, परिसरातले एक माजी पदाधिकारी. त्यांना सत्काराचं सांगून बोलावलं होतं, पण माईक हातात आल्यावर माणूस थांबतो का? मी असतो तर रात्रीच सैन्य धाडलं असतं वगैरे. टाळ्या. त्यानंतर 'संरक्षणमंत्री' झालेला पोट्टा उठला आणि जे बोलला ते ऐकून मीच चाट पडलो, एरवी हजेरीला "हजर" म्हणायचा कंटाळा करणारा पोरगा बाकावर हात आपटून बोलत होता. ठराव दणक्यात पास. चार-पाच जण सोडले तर सगळे होय. तिकडे अमेरिकेत निदान सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23 आणि प्रतिनिधीगृहात 296 विरुद्ध 133 असं तरी झालं होतं.

पुढच्या आठवड्यात दुसरा कागद वाटला. देशाचं नाव सांगितलं. मार्च 2003 मध्ये युद्ध सुरू, शस्त्रं सापडलीच नाहीत, 2004 मध्ये अबू ग्रैब तुरुंगातले कैद्यांच्या छळाचे फोटो, अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक गेले, इराकी नागरिक लाखाच्या वर. आणि म्हटलं, ज्यांनी होय म्हटलं त्यांनी उठून आपल्या मतदारसंघाला काय ते सांगा.

कोणीच उठेना. मग एकेक सुरू झालं. "आमाले माहितीच खोटी देल्ली जी." बरोबर आहे, दिलीच होती. "युद्ध बराबर होतं, करायची पद्धत चुकली." एक तर म्हणे, "मी तवाच नाई म्हणून रायलो होतो," आणि रजिस्टरवर त्याची सही होयपुढे, चांगली लफ्फेदार. हसू नका, ट्रम्पनी सप्टेंबर 2002 मध्ये रेडिओवर चढाईला हो म्हटलं होतं आणि 2016 च्या प्रचारात ते आपण पहिल्यापासून विरोधातच होतो म्हणून सांगत फिरले, रेकॉर्डिंग असताना.

शेवटी संरक्षणमंत्री उठला. शांतपणे म्हणाला, "सर, मी युद्धाले होय म्हटलंच नाई. मी फक्त अधिकार देल्ला होता. अधिकार देल्ला म्हणजे दबाव येते, तो ऐकते, युद्ध लागतच नाई. आता प्रधानमंत्र्यानं तो वापरला त्याले मी काय करू?"

मी खडू हातात घेऊन तसाच उभा. त्या खऱ्या ठरावाला होय म्हणणारे सिनेटर जॉन केरी हेच म्हणाले होते, तशाच होय म्हणणाऱ्या सिनेटर हिलरी क्लिंटन 2008 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत हेच म्हणत राहिल्या, आपलं मत चुकलं असं सरळ लिहायला त्यांना 2014 उजाडलं. या पोट्ट्यानं त्यातलं काही वाचलेलं नाही, पाठ्यपुस्तक वाचलं तरी मी पेढे वाटीन. आणि तो खोटं बोलत नव्हता हो, हेच मला खातंय. त्याला खरंच तसं आठवत होतं. बाकावर आपटलेला हात त्याच्या लेखी झालाच नव्हता.

वाचनालयात गेलेली पोट्टी मग उठली. म्हणाली, मी वाचलं होतं, शंका वाटली होती, तरी होय लिहिलं. काहून विचारलं तर, "भाऊ भरतीची तयारी करते जी. नाई लिहिलं अस्तं तं त्याच्या इरुद्ध गेल्यासारखं वाटलं अस्तं." मग तिनंच विचारलं, तिथं आपले गेले होते का. सांगितलं, अमेरिकेनं सैन्य मागितलं होतं, वाजपेयी सरकारनं जुलै 2003 मध्ये नकार दिला. ती बसली.

सरळ बोललेले कोणी होते का, म्हणून मग मी वॉल्टर जोन्स सांगितले. अमेरिकेतले रिपब्लिकन पक्षाचे खासदार, युद्धाचे कट्टर समर्थक, फ्रान्सनं विरोध केला म्हणून संसदेच्या कँटीनमधल्या फ्रेंच फ्राईजचं नाव बदलायला लावणाऱ्यांपैकी. एका सैनिकाच्या अंत्यविधीला जाऊन आले, नंतर विरोधात गेले, आणि गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना पत्रं लिहीत राहिले, दहा हजारांच्या वर. वर्ग गप्प. संरक्षणमंत्र्यानं हात वर केला, "सर, तो मंग निवडून आला का?"

आले. सैनिकी तळाच्या मतदारसंघातून, पक्षातल्याच लोकांनी विरोधात उमेदवार उभे केले तरी, 2019 मध्ये वारले तोपर्यंत खासदार होते.

"मंग बाकीच्यायनं काहून नाई सांगितलं?" तो म्हणाला. मी म्हटलं तू सांग. तर म्हणे, "मले काय माहीत जी, मी तं होय म्हटलंच नव्हतं."

माजी पदाधिकाऱ्यांनाही या दिवसाचं निमंत्रण होतं. फोनवर म्हणाले, "सर, त्या दिवशी मी सत्काराले आलो होतो, इषय मले माहीत नव्हता." मुख्याध्यापकांना एवढीच चिंता की पालकांची तक्रार येते की काय, म्हणून रजिस्टर त्यांनी आपल्या कपाटात टाकलंय.

अंतर्गत मूल्यमापनाचे 20 मार्क या उपक्रमावर द्यायचेत. पोट्टीचे भरून टाकले. संरक्षणमंत्र्याला किती द्यायचे यावर इतिहासवाल्या सरांशी वाद झाला, ते म्हणतात विसापैकी वीस द्या, तुमचा विषय साऱ्या वर्गात त्यालेच समजला. मला ते पटत नाही. पण का पटत नाही हे त्यांना धड सांगता आलं नाही, आणि बेल झाल्यावर ते अकरावीवर निघून गेले.