बशी रिकामी परत दे

मी मूळचा कुडाळचा, 2018 ला नोकरीसाठी गोव्यात म्हापशाला आलो आणि जवळच्या हळदोण्यात एका आंटीच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली. आंटी सत्तरीच्या पुढची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बोटीवर. भाड्याच्या बाबतीत एकदम कडक हं, एक तारीख म्हणजे एक तारीख, पंप किती वेळ चालू ठेवला त्यावरून सुद्धा बोलणी खाल्लीयत मी. हे आधीच सांगतोय कारण पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की मी एखाद्या देवमाणसाची गोष्ट सांगतोय.

पहिल्याच नाताळला दारात आंटी उभी, हातात काचेची मोठी बशी, वर क्रोशाचा पांढरा रुमाल. खाली नेवऱ्या (आपल्या करंज्या), कुलकुल, दोदोलचे तुकडे, चण्याच्या डाळीचं दोस, आणि बिबिंकची एक चीप, अगदी पातळ, पण थर मोजता येतील अशी. कोन्सुआद म्हणतात त्याला, नाताळात शेजारीपाजारी वाटतात. आता आमच्याकडे भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आईने लहानपणापासून डोक्यात भरलेलं. मी बशी धुतली, गावाहून आणलेलं खाजं भरलं आणि नेऊन दिली. आंटी हसली, घेतलं. चार दिवसांनी बशी परत माझ्या दारात, या वेळी केक. मग मी पेढे. मग ती गोड पाव. जानेवारी अर्धा संपला तरी आमचं हे टेबल टेनिस चालूच, आणि खरं सांगायचं तर मला थोडं टेन्शन यायला लागलं, की आता आपली पाळी.

शेवटी तीच एकदा म्हणाली, "पुता, बशी रिकामी हाड. हांव दुकान घालून बसूंक ना."

मला ते लागलं थोडं. रिकामी बशी न्यायची म्हणजे कसंसंच.

त्याच वर्षी पावसात मला डेंग्यू झाला. नऊ दिवस. सकाळी पेज, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा आंब्याचं लोणचं, संध्याकाळी सूप, आणि डब्याचं झाकण उघडून किती खाल्लं ते बघून जायची. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "तुका काय म्हणान घालतत ते? फुकट कोण कोणाक देता?" तिचा रोख मला कळला, की धर्माचं काहीतरी असणार. म्हणजे मलाही मनात आलं नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत आंटीने मला एकदाही चर्चला चल म्हटलेलं नाही. उलट चतुर्थीला मी घरी गेलो की परत आल्यावर पहिला प्रश्न, नेवऱ्या हाडल्यो?

बरा झाल्यावर मी मूर्खपणा केला. पाकिटात दोन हजार घालून दिले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ती नुसती बघत राहिली, पाकीट टेबलावर तसंच ठेवलं आणि आत गेली. दुसऱ्या महिन्याच्या भाड्यात तेवढे कापून घे म्हणाली. "भाडें तो वेव्हार. हें वेगळें."

आमच्या घरी आहेराची वही आहे, जाड, लाल कव्हरची. माझ्या ताईच्या लग्नात कोणी 101 दिले, कोणी 251, कोणी नुसता टॉवेल, सगळं नावासकट. कोणाकडे लग्न निघालं की आई वही काढते आणि बघते त्यांनी आपल्याला काय केलं होतं, मग तेवढंच किंवा थोडं वर. मी हसत नाही याला, गावात माणसं एकमेकांना अशीच धरून राहतात, अडीअडचणीला हीच वही उपयोगी पडते. पण आमचं देणं म्हणजे बऱ्याचदा फेडणं असतं, आणि ते मला हळदोण्याला येईपर्यंत दिसलंच नव्हतं.

आंटीच्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं काही मदत लागली तर सांग. तेव्हा कळलं की गोव्यातल्या ख्रिश्चन घरांत लग्नाच्या आधी भिकाऱ्यांचं जेवण घालायची जुनी रीत आहे. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना बोलवायचं, नीट बसवून वाढायचं, वाढणार घरचीच माणसं. हल्ली बरेच जण ते न करता एखाद्या वृद्धाश्रमात जेवण पाठवतात, कारण बोलवायला माणसंच मिळत नाहीत. आंटीला ते पटत नव्हतं. पाठवलेलं जेवण म्हणजे पार्सल, असं तिचं म्हणणं.

यामागे बायबलमधली एक जागा आहे, लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात. येशू स्वतः एका परुश्याच्या, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणाऱ्या ज्यू पंथातल्या माणसाच्या घरी जेवायला गेलाय आणि तिथे बसून यजमानालाच सांगतोय, की जेवण करशील तेव्हा मित्र, भाऊ, नातेवाईक, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, ते तुला उलट बोलावतील आणि फिटलं. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलव, कारण त्यांच्याकडे तुझी फेड करायला काही नाही. दुसऱ्याच्या पानावर बसून हे बोलायला धाडस पाहिजे! पुढे असंही आहे की फेड नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी होईल. मी आंटीला म्हटलं, म्हणजे शेवटी हिशोब आहेच की, फक्त उशिरा. ती मटार सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "तें देवान पळोवचें." ते देवाने बघायचं. विषय संपला.

तिच्या हॉलमध्ये जुझे वाझ यांचा फोटो आहे. 1651 साली बाणावलीत जन्मलेला गोंयकार पाद्री, श्रीलंकेत गेला, 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि घरच्यांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकलं तेव्हा यानं त्यांची शुश्रूषा केली, धर्म न विचारता. 2015 ला पोप फ्रान्सिसने कोलंबोला जाऊन त्यांना संत जाहीर केलं. आणि मडगावचा हॉस्पिसिओ, जुनं हॉस्पिटल, गोव्यात सगळ्यांना माहितीय, 1867 मध्ये पाद्री मिरांडांनी गरिबांसाठी काढलेला. तो शब्द लॅटिनमधल्या होस्पेसवरून येतो, त्याचा अर्थ पाहुणा पण होतो आणि यजमान पण, एकच शब्द. त्यावरूनच हॉस्पिटल आणि हॉटेल. आता दोन्हीकडून निघताना बिल घेऊन निघतो आपण, ते सोडा.

तर जेवणाचा दिवस. आंटीने मनाशी बारा माणसं धरलेली. बाजारात बसणारा एक म्हातारा, मासे साफ करणाऱ्या दोघी, चर्चच्या पायरीवरची एक बाई, असे करत करत अकरा झाले. बारावा येतो म्हणाला आणि आलाच नाही. टेबल मांडलेलं, भात, सुंगटांची समाराची कोडी (कोळंबीची आमटी), खतखतें (मिसळ भाजी), सगळ्याचा वास सुटलेला, आणि एक खुर्ची रिकामी. मी पाण्याचा जग घेऊन उभा. आंटीने माझ्याकडे बघितलं.

"बस थंय."

मी म्हटलं अगं आंटी मी वाढतो ना. "बस म्हळें."

बसलो. शेजारी तो म्हातारा, त्याने माझ्यासाठी खुर्ची जरा सरकवली, जसं काही मी उशिरा आलेला पाहुणा. होणारी नवरी स्वतः भात वाढत होती, साडीचा पदर कमरेला खोचून, आणि मला वाढताना पण तितकंच वाकली. माझ्या खिशात आहेराचं पाकीट होतं, 501 चं, वहीच्या सवयीने. कोणाला देणार? मासे साफ करणारी बाई दुसऱ्यांदा कोडी मागत होती, बिनधास्त, आणि मला पहिल्यांदा घ्यायला पण जड जात होतं. तिला जमत होतं ते मला येत नव्हतं एवढंच.

पाकीट तसंच घरी आलं.

या नाताळला बशी आली, तीच, कडेला एक टवका उडालेली. संपवली, धुतली, पुसली. साखरेच्या बरणीकडे हात गेला, झाकण पण काढलं. मग लावलं परत. रिकामी बशी, वर रुमाल घडी करून, घेऊन गेलो. आंटीने रुमाल उचलला, खाली बघितलं, काही नाही. बशी फडताळात ठेवली आणि म्हणाली, "एक तारीख परवां, याद आसा मरे?"