खिचडी बंद केली त्याची गोष्ट

24 मार्च 2020 ला रात्री कोरोनाची टाळेबंदी जाहीर झाली. पुण्यात पर्वतीखालच्या आमच्या वस्तीत धुणीभांडी, बिगारी, रिक्षा यावरच घरं चालतात. चार-पाच दिवसांत पिठाचे डबे खडखडले.

आमच्या बचत गटाने समाजमंदिरात शेगडी मांडली. शेगडी एका केटरिंगवाल्या भाऊंची. लग्नं रद्द झाल्याने रिकामीच पडली होती. 12 किलो तांदूळ, 4 किलो मूगडाळ, दीडशे माणसं. पहिल्या दिवशी आम्ही शहाणपणा केला. गरम खिचडी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून गाठी मारल्या. उन्हाळ्याचे दिवस, एक वाजेपर्यंत अर्ध्या पिशव्या आंबल्या. दुसऱ्या दिवसापासून सांगितलं, आपापला डबा आणा.

आठवडाभराने समोरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पण पोरं खिचडी बघून तोंड फिरवतात. मला पीठ-तांदूळ द्या, पुढचं मी बघते. रांगेत उभं राहायला लाज वाटते हो."

मला जरा लागलंच. पण त्या दिवसापासून मी खिचडी वाढायचा डाव सोडून वही धरली आणि घरोघरी जाऊन रेशन कार्डं बघायला लागले.

अंत्योदय आणि प्राधान्य, म्हणजे अन्नसुरक्षा योजनेच्या यादीतल्या कार्डवाल्यांचं सोपं होतं. नेहमीचा 2 रुपये गहू, 3 रुपये तांदूळ, वर माणशी 5 किलो तांदूळ फुकट. घोडं अडलं केशरी कार्डापाशी. आमच्याकडच्या एका रिक्षावाल्याचं कार्ड केशरी, पण वर्षाचं उत्पन्न शहरातल्या 59,000 च्या मर्यादेपेक्षा जास्त लिहिलेलं, म्हणून अन्नसुरक्षेत नाव नाही. रेशन दुकानदार म्हणाला, "मशीनवर येतच नाही, मी काय करू?" खोटं नव्हतं ते. तीन हेलपाटे घातल्यावर पटलं. मे महिन्यात केशरीला धान्य सुटलं: माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी, 2 किलो तांदूळ 12 ने. पाच माणसांचे 240 रुपये. तेवढेही हातात नसलेल्यांना गटाच्या पेटीतून उसने दिले. बहुतेक परत आले.

सगळ्यात डोकं खाल्लं ते गावच्या कार्डांनी. माणसं इथं, कार्ड बीडला पत्र्याच्या पेटीत. कार्ड ऑनलाइन असलं तर त्याच्या बारा अंकी नंबरावर इथल्या दुकानातही माल मिळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग गावाला फोन, कार्डाचा फोटो व्हॉट्सॅपवर. त्यात आठ की तीन ते कळेना. आणि एकीच्या सासूने गावी आधीच सगळा माल उचललेला! सूनबाईंनी फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

ज्यांचं कार्डच नव्हतं त्यांच्यासाठी खिचडी चालू ठेवली. सरकारची शिवभोजन थाळी तेव्हा 5 रुपयांत होती, पण केंद्र बॅरिकेडच्या पलीकडे.

जूनमध्ये डबे चाळीसवर आले, मग दहावर. शेगडी घासून भाऊंना परत केली. उरलेली 3 किलो डाळ कुणाला द्यायची यावरून मात्र गटात दोन दिवस भांडण चाललं.