आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून घागरीपर्यंत

आमचा छापखाना अंबाजोगाईचा. सुरू केला मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पायानं चालवायच्या एका ट्रेडल छपाई मशीनवर. मी लग्न होऊन आले तेव्हा खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस माळ्यावर गेल्या होत्या आणि कॉम्प्युटर आला होता. तरी उलट्या अक्षरांतला मजकूर मामा अजूनही सरळ वाचल्यासारखा वाचतात.

पोट भरलं ते पत्रिका, बिलबुकं आणि निवडणुकीच्या पत्रकांवर. त्यात सांगण्यासारखं फार नाही. एवढंच, की यमकाची सवय आम्हाला पत्रिकांनी लावली. 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं' याच्या वर दोन जुळणाऱ्या ओळी पाहिजेतच, असा गिऱ्हाइकाचा हट्ट. त्या ओळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उभ्या उभ्या करून द्यायच्या. उखाण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या ओळखीतली कितीतरी लग्नं पुढं गेली, जी झाली ती शंभर पत्रिकांत उरकली. मशीन गप्प. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिला झोपवताना आत्याबाई रोज घागरीची एक जादू सांगायच्या. घरातला हंडा कोरडा आणि गोष्टीतली घागर मात्र उतू चाललेली. त्याचंच चित्रांचं पुस्तक करायचं ठरलं.

गोल गोल ही काळी घागर,
फुंकर मारा, झाला सागर!

आत्याबाईंनी समुद्र पाहिलेला नाही. घागरीला सागर जुळतो म्हणून तो पुस्तकात आला. मी आधी 'फुंकर मारताच झाला सागर' असं लिहिलं होतं. त्यांनी मांडीवर ताल धरला आणि म्हणाल्या, "इथं जीभ अडकायलीय." मोजलं तर सोळाच्या जागी अठरा मात्रा. आत्याबाईंना मात्रा माहीत ती फक्त वैद्याची.

अशा नऊ जादू. पहिली ओळ उजव्या पानावर, दुसरी पान उलटल्यावर. यमकामुळं लेकराला अर्धं उत्तर आधीच सापडतं, ते ओरडतं आणि मग पान उलटून खात्री करतं. सगळी गंमत त्या उलटण्यात.

आणि तिथंच आम्ही माती खाल्ली. पानं 24, म्हणजे 16 चा एक फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडायची पानं) आणि 8 चा अर्धा. कागद गुळगुळीत आर्ट पेपर. चार रंगांचं मशीन आमच्याकडं नाही, म्हणून काम लातूरला दिलेलं. प्लेटा, म्हणजे छपाईचे पत्रे, व्हायच्या आदल्या रात्री एका मान्यवरांची प्रस्तावना आली. एक पान भरलं. मी ती सुरुवातीला घातली आणि शेवटचं रंगवायचं पान काढून टाकलं. बेरीज 24 च राहिली, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण सगळी पानं एकेक घर पुढं सरकली. डावीकडं घागर, उजवीकडं सागर, दोन्ही समोरासमोर.

पाचशे प्रती घरी आल्या. लेकीनं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "हे तर आधीच दिसायलंय की!"

आमच्या अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांनी पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर, ग्रंथ लिहिला होता. मामा हसले नाहीत, पण म्हणाले, "दासोपंतांचं बरं होतं. एकच सलग पासोडी, पान चुकायची भीतीच नाही."

मग उजव्या पानांवर कागदाची झडप चिकटवायची शक्कल काढली. एका प्रतीला नऊ झडपा. साठ प्रतींनंतर बोटांना खळ आणि डोक्याला मुंग्या. त्या साठ अंगणवाड्यांत वाटल्या. आठवडाभरात लेकरांनी झडपा उपटल्या. बाकीच्या रद्दीत गेल्या, आणि रद्दीवाल्यानं गुळगुळीत कागदाला भावही कमी दिला. पैसे माझे गेले, कारण चूक माझी होती. लातूरच्या मशीनवाल्यानं दिलेलं तसंच छापलं होतं.

दुसऱ्या वेळी प्रस्तावना मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला गेली. मान्यवर थोडे रुसले. आता प्लेटा करायच्या आधी मी साध्या कागदाची डमी, म्हणजे नमुना पुस्तक, दुमडते, टाचते आणि शेजारच्या पोराच्या हातात देते. ते चुकीच्या जागी गप्प बसलं, की पानं परत लावायची. पुढची चार पुस्तकं अशीच झाली. पत्रिका अजूनही आहेतच, पुस्तकांवर घर चालत नाही.

मार्गशीर्षात गावच्या योगेश्वरी देवीच्या यात्रेत टेबल लावतो. टेबलावर खरी काळी घागर असते. लेकरं आधी तिच्यात डोकावतात, मग पुस्तकात. एखादं पान उलटायच्या आधीच "सागर!" म्हणून ओरडलं, की आत्याबाई माझ्याकडं बघतात आणि मी पावतीबुक काढते.