बाही सोडायची नाही

नौपाड्यातील एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी आमचा ज्युदोचा वर्ग भरतो. मुलांना पहिल्यांदा घेऊन येणारे पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, हात-पाय मोडत नाहीत ना?" त्यावर "काही होत नाही हो" असे सांगून त्यांना निश्चिंत करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोपर उलट्या दिशेने ताणणे किंवा माणसाला पाठीवर घेऊन जमिनीवर आणणे या क्रिया मुळातच इजा करण्यासाठी घडलेल्या आहेत. त्यांचा सराव वर्षानुवर्षे करता येतो, तो कुठे थांबायचे हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असते म्हणून. आणि माझ्या मते त्यातली मोठी जबाबदारी पाडणाऱ्याची असते, पडणाऱ्याची नव्हे.

पडणाऱ्याने आपला वाटा आधी शिकलेला असतो. उकेमी, म्हणजे पडण्याचे तंत्र, अंगवळणी पडेपर्यंत आम्ही कोणालाही फेकू देत नाही. हनुवटी छातीला टेकलेली हवी, कारण मागे पडताना डोके आपटणे हा सर्वांत गंभीर धोका आहे. तोल जाताच हात मागे टेकवून स्वतःला सावरण्याची जन्मजात सवयही मोडावी लागते, कारण अशा वेळी सगळा भार मनगटावर आणि कोपरावर येतो. पण इतके शिकूनही नवख्याचे पडणे पाडणाऱ्याच्या हातातच असते. सेओइ नागेमध्ये जोडीदार पाठीवरून खाली येत असताना त्याची बाही शेवटच्या क्षणी वर ओढून धरली, तर तो कुशीवर उतरतो आणि डोके जमिनीपासून अलगद राहते. बाही सुटली, तर तो कसा पडेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच आमचे सर फेक कितीही सुंदर झाली तरी आधी बाहीकडे पाहतात. ओसोतो गारीत, म्हणजे जोडीदाराच्या पायामागून पाय मारून पाडण्याच्या डावात, माणूस सरळ मागे, डोक्याच्या दिशेने जातो, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे नवख्या मुलांवर हा डाव पूर्ण जोराने करण्यास आमच्याकडे सक्त मनाई आहे.

तालमीत धोबीपछाड किंवा ढाक बसतो तेव्हा खाली खणून भुसभुशीत केलेली लाल माती असते. आमच्या पातळ मॅटखाली सरळ फरशी आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात मॅट दमट होऊन पाय घसरतो आणि दोन मॅटच्या फटीत अंगठा अडकतो, म्हणून जुलैपासून वर्ग सुरू होण्याआधी मॅट पुसून, फटी मिटवून घेणे हे पहिले काम असते. कडे, अंगठी, मंगळसूत्र आणि मनगटावरचा दोरा काढून ठेवावाच लागतो.

सांधे अडकवण्याच्या डावांबाबत नियम अधिक कडक आहेत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान या ज्युदो शाळेची स्थापना केली, तेव्हा पूर्ण जोराने झुंजता यावे म्हणून जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक डाव त्यांनी मुक्त सरावातून काढून काताच्या, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या चौकटीत ठेवले. पुढे मुक्त सरावात आणि स्पर्धेत फक्त कोपर अडकवण्याची मुभा उरली. कोपर ताणले जाताना वेळेवर दुखते. गुडघ्याला पीळ बसताना मात्र वेदना जाणवेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असू शकते. वाकी गातामे, म्हणजे जोडीदाराचा हात काखेत दाबून कोपर ताणण्याचा डाव, धरून थेट जमिनीवर झेपावण्यास स्पर्धेतही बंदी आहे, कारण पूर्ण शरीराचा भार सांध्यावर पडल्यावर मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर शरणागतीची थाप मारण्याइतका वेळच उरत नाही. हा केवळ अनाडी हातांचा प्रश्न नाही. १९८० च्या अखिल जपान स्पर्धेत कानी बासामी या, दोन्ही पायांच्या कात्रीत समोरच्याचे पाय पकडून पाडण्याच्या डावात यासुहिरो यामाशिता यांचा पाय मोडला, तेव्हा समोर सुमिओ एंदो होते. दोघेही जगज्जेते होते. पुढे तो डावच बाद करण्यात आला.

थाप मारली की सोडायचे, एवढाच नियम पुरेसा आहे, असे मी बरीच वर्षे मानत होते. चार वर्षांपूर्वी ऐरोलीहून लोकलने येणाऱ्या एका मैत्रिणीवर मी जुजी गातामे लावले, म्हणजे आडवे पडून तिचा हात मांड्यांमध्ये धरून कोपर ताणण्याचा डाव. तिचा डावा हात माझ्या मांड्यांमध्ये होता आणि उजवा माझ्या पोटरीखाली दबला होता. दुसरी पोटरी तिच्या तोंडावर आल्याने तिचा आवाजही बाहेर पडत नव्हता. तिने दोन्ही पाय मॅटवर आपटले. मला वाटले, ती सुटण्यासाठी धडपडत आहे, आणि मी कंबर आणखी वर उचलली. कोपरातून आलेला तो बारीक आवाज मी विसरू शकलेले नाही. हाड शाबूत राहिले, पण अस्थिबंध ताणला गेला आणि तिचे दीड महिन्याचे काम, स्वयंपाक, प्रवास, सगळे एका हातावर आले. दोष पूर्णपणे माझा होता, कारण थांबण्याची खूण तिने दिली होती आणि ती ओळखायला मी शिकले नव्हते.

त्यानंतर आम्ही हातानेच नव्हे, पायाने दिलेली थाप आणि तोंडातून निघालेला कोणताही आवाज शरणागतीच मानू लागलो. हात सरळ झाला की क्षणभर थांबायचे, जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि मगच कंबर उचलायची, तीही बोटभरच आणि सावकाश, कारण कोणाचे कोपर सरळ रेषेतच अडते, तर कोणाचे त्याच्याही पुढे वाकते. थाप आल्यावर हात झटकन टाकून न देता, जिथे धरला तिथेच ताण सैल करायचा.

ती परतली, त्या दिवशी तिने जोडीला मलाच घेतले. मी तिचे मनगट धरून मागे टेकले, तेव्हा तिने काही न बोलता दुसरा, मोकळा हात वर करून मला दाखवला. आता आमच्या वर्गात सगळेच तसा हात दाखवतात, आणि तो दिसेपर्यंत वरचा माणूस कंबर उचलत नाही.