आमची वाटचाल : जवारी लावता लावता

मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचं काम घटलं आणि १९व्या शतकात फरीदसाहेबांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले. आमचा छोटा कारखाना त्याच परंपरेतला. अब्बांकडून तो माझ्याकडे आला, तोवर इलेक्ट्रॉनिक तानपुरे घरोघरी पोचले होते. मागणी घटली. शिकाऊ पोरं कमी कर, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. या कामात मुरलेला माणूस कसा होतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले भोपळे येतात. नव्या पोराला आधी तेच हाताळायला देतो. मग घासकाम, खुंट्या, पॉलिश. जवारी, म्हणजे तारेचा सूर घुमावा म्हणून घोडी घासून बसवण्याचं काम, फार उशिरा. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा कानशीने असा घासायचा, की त्याला दिसेल न दिसेल एवढाच उतार यावा. त्या उतारावर तार घासून थरथरते, म्हणून तंबोरा घुमतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. कानस जरा जास्त फिरली, की सगळा माथा पहिल्यापासून काढायचा.

आमच्याकडचा एक कारागीर आला तेव्हा हाताचा चपळ, पण भारी तापट. तार लागेना की कानस आपटायचा. त्याला कुणी उपदेश केला नाही. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. रागात घासलेली घोडी लगेच ओळखू येते, ती तार छेडल्यावर त्याची त्यालाच कळू लागली. आता कुणाला खुली, जास्त झणझणणारी जवारी हवी, कुणाला बंद, कमी झणझणणारी, हे तो गवयाच्या दोन वाक्यांतच हेरतो. घरातल्या भांडणांतही आधी ऐकून घेतो, असं त्याची आई सांगते. मला त्याच्या कामाइतकाच याचा अभिमान आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चौकशा वाढल्यात, दुरुस्तीची कामंही येतात. वाढत्या ऑर्डरींसाठी शिकण्याचा काळ मात्र आम्ही कमी करणार नाही. उशीर होईल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. सध्या शिकणाऱ्यांत पहिल्यांदाच एक मुलगी आहे. कान फार तयार आहे तिचा. दिवाळीनंतर दुरुस्तीला आलेल्या जुन्या घोड्या तिच्याकडे देणार आहे.